भय, जुगुप्सा आणि वाचक: क्रूर भयकथेवर मते का दुभंगतात?

अमेरिकी लेखक जॅक केचम यांची 'द गर्ल नेक्स्ट डोअर' ही कादंबरी १९८९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रकाशकाने तिच्या मुखपृष्ठावर मैदानातील चिअरलीडरच्या वेशातील एक सांगाडा छापला होता. कादंबरीत सांगाडा नाही, भूत नाही, पिशाच्चही नाही. १९५८ च्या उन्हाळ्यातील एक शांत वस्ती, आईवडिलांच्या मृत्यूनंतर एका घरात आश्रयाला आलेल्या दोन बहिणी, त्यांचा सांभाळ करणारी बाई आणि आजूबाजूची मुले, एवढाच तिचा ऐवज. त्या बाईच्या पुढाकाराने थोरल्या बहिणीचा तळघरात छळ सुरू होतो आणि शेजारचा एक मुलगा तो पाहत राहतो. तोच मुलगा मोठेपणी ही हकिगत सांगतो. कथानकामागे सत्यघटना आहे. १९६५ साली इंडियानापोलिस शहरात सोळा वर्षांच्या एका मुलीचा अशाच छळाने मृत्यू झाला होता आणि तिला ठेवून घेणाऱ्या बाईला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले होते.

सांगाड्याचे चित्र पाहून करमणुकीसाठी पुस्तक उचललेल्या वाचकाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. तेव्हापासून आजतागायत या कादंबरीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही वाचक ती अर्ध्यावर मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. अशा लेखनाची गरजच काय, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला, क्रौर्याविषयी इतके प्रामाणिक पुस्तक भयसाहित्यात दुसरे नाही, असे मानणारेही आहेत. स्टीफन किंग यांनी १९९६ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, त्यानंतर दुसऱ्या बाजूला बळ मिळाले. पहिली बाजू मात्र निरुत्तर झाली नाही. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक प्रकरण हमखास येते. त्यात निवेदक, यापुढचे आपण सांगणार नाही, असे बजावतो आणि प्रकरण अवघ्या काही ओळींत संपते. ज्या पुस्तकावर 'नको तितके दाखवले' असा आरोप आहे, त्यातील सर्वाधिक लक्षात राहिलेली जागा काहीही न दाखवणारी आहे. वाद रक्ताच्या प्रमाणाचा आहे, ही सर्वसाधारण समजूत येथेच डळमळू लागते.

जुना भेद

भय आणि किळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत भयानक आणि बीभत्स हे स्वतंत्र रस आहेत. भयानकाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. पहिल्याची देवता काल, दुसऱ्याची महाकाल. बीभत्साचेही पोटभेद सांगितले आहेत: रक्तादिकांच्या दर्शनाने उद्भवणारा तो क्षोभज, विष्ठा व कृमींमुळे उद्भवणारा तो उद्वेगी. आजच्या रक्तरंजित भयकथांचे वर्गीकरण करायला बसले, तर ही विभागणी अजूनही पुरेशी कामाची आहे.

भरताने शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानले आणि उरलेले चार त्यांच्यापासून निर्माण होतात असे सांगितले. त्या मांडणीत भयानकाचा उगम बीभत्सात आहे. शरीराची विटंबना पाहून आधी शिसारी येते आणि मग आपणही शरीरच आहोत, या जाणिवेतून भीती येते, असा या क्रमाचा अर्थ लावता येईल. त्याच नाट्यशास्त्राने युद्ध, मृत्यू यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सुचवाव्यात, असाही दंडक घातला. म्हणजे बीभत्साला रस म्हणून मान्यता होती, परंतु रंगमंचावर त्याला किती मोकळीक द्यायची याविषयी सावधगिरी होती.

या दंडकाच्या अगदी काठावर जाऊन लिहिणारा कवी म्हणजे भवभूती. विदर्भातील पद्मपूरचा हा नाटककार साधारण आठव्या शतकातला. त्याच्या 'मालतीमाधव' या नाटकाच्या पाचव्या अंकात नायक माधव स्मशानात पिशाच्चांना नरमांस विकायला निघतो आणि प्रेताचे लचके तोडणाऱ्या पिशाच्चाचे वर्णन करतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून याच वर्णनातील श्लोक निवडला. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी तो वर्गात बसून अभ्यासला आहे. अभिजात साहित्यात किळसवाण्या वर्णनाला थारा नव्हता, असे जे अधूनमधून म्हटले जाते, त्याला हा एक श्लोक पुरेसे उत्तर आहे.

युरोपात हा वाद अठराव्या शतकाच्या अखेरीस पेटला. मॅथ्यू लुईस यांच्या 'द मंक' (१७९६) या कादंबरीत धर्मगुरूच्या हातून घडणारे बलात्कार आणि खून होते. तळघरातील सडत्या प्रेतांची वर्णने होती. वाचकांनी ती भराभर विकत घेतली. कोलरिज यांनी पुढच्याच वर्षी तिच्या परीक्षणात लेखकाची प्रतिभा मान्य करून पुस्तकाच्या नीतिमत्तेवर कडक टीका केली. लुईस तोवर ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले होते, आणि खासदाराने असे लिहावे हाही लोकांच्या संतापाचा एक भाग होता. अखेर १७९८ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच मजकूर सौम्य केला. त्यांच्या समकालीन कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धास्ती आणि भयंकरता यांत फरक केला: पहिली मनाला विस्तारते आणि जागे करते, दुसरी त्याला आकसून गोठवते. पुढे किंग यांनी 'दान्स मकाब्र' (१९८१) या पुस्तकात याच उतरंडीला तिसरी, सर्वांत खालची पायरी जोडली, ती निव्वळ किळसेची. आपण आधी धास्तीचा प्रयत्न करतो, ते जमले नाही तर भयंकरतेचा आणि तेही जमले नाही तर किळसेचा, आणि त्याची आपल्याला लाज वाटत नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली आहे. इतकी मोकळी कबुली देणारे लेखक थोडे.

रक्ताविना संताप

किळस हेच वाचकाच्या रोषाचे कारण असते, तर शर्ली जॅक्सन यांच्या 'द लॉटरी' या कथेवर कुणी रागावले नसते. 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकात ती आली. एका गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढून एकाची निवड होते आणि शेवटी गावकरी त्या व्यक्तीवर दगड उचलतात, एवढीच ही कथा. तिच्यात जखमांचे वर्णन नाही. पहिले दगड भिरकावले जातात आणि कथा थांबते. तरीही त्या उन्हाळ्यात लेखिकेकडे तीनशेहून अधिक पत्रे आली आणि बहुतेकांचा सूर नाराजीचा होता. काहींनी वर्गणी बंद केली. काही पत्रलेखकांना मात्र असे विधी कुठे होतात आणि ते पाहायला जाता येईल का, हे जाणून घ्यायचे होते. जॅक्सन यांनी नंतर एका व्याख्यानात ही माहिती दिली. वाचकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास करणाऱ्याने या शेवटच्या गटापाशी थोडे थांबायला हवे.

याच्या उलट टोकाला आहे ब्रेट ईस्टन एलिस यांची 'अमेरिकन सायको'. न्यूयॉर्कच्या वित्तीय जगातील एक धनाढ्य तरुण रात्री खून करतो, किंवा करतो असे सांगतो. पुस्तकाचा बराच मोठा आरंभीचा भाग कपड्यांच्या नाममुद्रा, उपाहारगृहे आणि भेटपत्रिका यांच्या याद्यांनी भरलेला आहे; त्यानंतर येणारी हिंसेची वर्णनेही तितक्याच थंड, यादीवजा भाषेत आहेत. 'सायमन अँड शुस्टर' या संस्थेने नोव्हेंबर १९९० मध्ये, पुस्तक बाजारात येण्याच्या उंबरठ्यावर असताना, प्रकाशन रद्द केले. दिल्लीत जन्मलेले प्रकाशक सनी मेहता यांनी ते 'व्हिंटेज'साठी घेतले आणि मार्च १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एका प्रमुख स्त्री-संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. एलिस यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑस्ट्रेलियात ते अठरा वर्षांवरील ग्राहकांनाच आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनात विकण्याचा नियम झाला. क्वीन्सलँड राज्याने तर विक्रीवरच बंदी घातली. नॉर्मन मेलर यांनी पुस्तक छापण्याच्या हक्काची बाजू घेतली. कलाकृती म्हणून मात्र त्यांचे समाधान झाले नव्हते.

या वादाने पुढे घेतलेले वळण अधिक बोलके आहे. २००० साली मेरी हॅरन या दिग्दर्शिकेने ग्विनिव्हेर टर्नर यांच्यासह पटकथा लिहून त्यावर चित्रपट केला. पुस्तकावर स्त्रीद्वेषाचा आरोप असताना दोन स्त्रियांनी ते उपहास म्हणून वाचले, हिंसा बरीचशी दृष्टीआड ठेवली आणि निवेदकाच्या पोकळ अहंकारावर प्रकाश टाकला. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेल्यांना त्यातील विनोद दिसू लागला. १९९१ मध्ये पुस्तक भिरकावणाऱ्यांना तो दिसला नव्हता, म्हणून त्यांचे वाचन चुकीचे होते असे ठरत नाही. निवेदक खुनी आहे आणि पुस्तकभर त्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही. वाचकाला उभे राहायला दुसरी जागाच लेखकाने ठेवलेली नाही. हा प्रयोग कुणाला धाडसाचा वाटतो, कुणाला कोंडल्यासारखे होते.

'द लॉटरी', 'अमेरिकन सायको' आणि केचम यांची कादंबरी शेजारी ठेवल्या, तर एक समान धागा दिसतो. तिन्हींत वाचकाला बळीच्या बाजूने निर्धास्तपणे उभे राहता येत नाही. पहिलीत तो गावकऱ्यांच्या घोळक्यात असतो, दुसरीत खुन्याच्या डोक्यात, तिसरीत पाहत राहिलेल्या मुलाच्या शेजारी. आपण पाने उलटत आहोत म्हणजे आपणही पाहतच आहोत, ही बोच तिसरीत सर्वांत तीव्र आहे. वाचकाला दुभंगणारी गोष्ट ही आहे. रक्त हे बहुतेक वेळा तिचे निमित्त असते.

बडोद्यात मांडलेले उत्तर

दुःखद किंवा भयंकर गोष्ट वाचून आनंद कसा मिळतो, हा मराठी समीक्षेचा एके काळी अत्यंत आवडता प्रश्न होता. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने, करुण रस केवळ दुःखच देत असता तर तो पाहायला कुणी आले नसते, असा युक्तिवाद केला होता. 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्रांनी उलट, काही रस सुखाचे व काही दुःखाचे, असे स्पष्ट म्हटले होते. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी आपली 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात तल्लीन होतो, ही समाधी. पण आपण ते नव्हे, ही जाणीव त्याच वेळी शिल्लक राहते, म्हणून ती सविकल्प. वाङ्मयीन आनंद या दुहेरी अवस्थेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुढे टीका पुष्कळ झाली. भयकथेच्या वाचकाला मात्र ही कल्पना इतकी नेमकी लागू पडते की, ती त्याच्यासाठीच सुचली असावी असे वाटावे.

घराच्या दारावर पिशाच्चाची थाप पडते तेव्हा वाचक त्या घरात असतो आणि आपल्या खुर्चीतही असतो. खुर्चीचा आधार सुटला, म्हणजे विकल्प नाहीसा झाला, तर उरते ती यातना. उलट समाधीच लागली नाही, तर रक्ताची वर्णने हास्यास्पद किंवा कंटाळवाणी होतात. एकाच पानावर एका वाचकाची खुर्ची सुटते आणि दुसऱ्याची समाधी लागत नाही. ज्याचे दोन्ही टिकते तो तिसरा वाचक पुस्तक मित्राला देतो. ज्याने तसा छळ स्वतः सोसला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्याची खुर्ची आधीच हललेली असते. त्याने पुस्तक मिटले तर तो भित्रा ठरत नाही.

अलीकडच्या प्रयोगांनीही यास जुळणारे काही दाखवले आहे. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी करमणुकीसाठी उभारलेल्या एका 'भुताच्या घरा'त ११० जणांचे निरीक्षण केले. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भीती फार कमी असली तरी आणि फार जास्त असली तरी आनंद घटतो, मधल्या टप्प्यावर तो सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी अशा आवडीला 'निरुपद्रवी आत्मपीडन' अशा अर्थाचे नाव दिले आहे आणि तिखट मिरची खाण्याच्या हौसेशी तिची तुलना केली आहे. शरीर धोक्याची सूचना देते, मनाला मात्र धोका नसल्याचे ठाऊक असते, आणि मौज या विसंगतीत असते. गोमंतकीय वाचकाला या उदाहरणाचा खुलासा नको.

मराठी भयकथा कुठे थांबते?

मराठीत भयकथा घरोघरी नेली ती नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. त्यांच्या लेखनात किळसवाणे तपशील कमी नाहीत. अमानवी शक्तीला त्यांनी अनेकदा ओलसर, लिबलिबीत, दुर्गंधीयुक्त रूप दिले. किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' आणि 'इट'वरून 'शपथ' ही रूपांतरेही त्यांची. तरीही वाचनालयांतून त्यांची पुस्तके आजोबांनी आणावीत आणि नातवंडांनी चोरून वाचावीत, असाच रिवाज राहिला. याचे एक कारण त्यांच्या भयविश्वाची रचना असावी. त्यांच्याकडे दुष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते आणि 'समर्थ'सारखा एखादा ज्ञानी पुरुष तिला परतवतो. वाचकाची खुर्ची शाबूत राहते.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची वाट निराळी. त्यांच्या गूढकथांतील भय अनेकदा माणसाच्या मनातून उगवते आणि परतवणारा कुणी नसतो, म्हणून त्या वाचून अस्वस्थ झालेला वाचक अधिक काळ अस्वस्थ राहतो. याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकिणीला पाहून मुलांना खदखदून हसवले, हेही विसरता येत नाही.

खरा संघर्ष मराठीत झाला तो मात्र भयकथेवर नव्हे, तर विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकावर. त्यात भूतपिशाच्च नाही. एका कुटुंबातील माणसे संपत्तीसाठी एकमेकांचे लचके तोडतात. श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये ते रंगमंचावर आणले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळाने इतर आक्षेपांबरोबर पात्राच्या लुगड्यावरील रक्ताच्या लाल डागालाही हरकत घेतली. नाट्यसंस्थेने डाग निळा केला, आणि तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. निळा डाग लाल समजून पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात काय घडले असेल, हे मंडळाने लक्षात घेतले असते तर कदाचित लाल डागच परवडला असता.

धारपांच्या 'आजी' या कथेतून प्रेरणा घेणारा 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. ती कथा स्वतः किंग यांच्या 'ग्रामा'वर बेतलेली आहे; चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'मधून आलेले. झाडाच्या मुळांत गुंतलेल्या म्हातारीचे त्यातील दृश्य अनेकांना असह्य झाले. चित्रपटाला पहिल्या प्रदर्शनात मर्यादित प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला गेला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. दुसऱ्या वेळी आलेल्या प्रेक्षकाला आपण काय पाहायला जात आहोत, हे बऱ्यापैकी ठाऊक होते.

ही पूर्वकल्पना किती फरक पाडते, याचे उदाहरण गोव्याच्या लोकजीवनातच आहे. सत्तरी तालुक्यातील झर्मे येथे शिगम्याच्या काळात होणाऱ्या चोरोत्सवात काही माणसांना मानेपर्यंत जमिनीत पुरतात आणि केवळ डोकी दिसतात. काहींची डोकी मातीखाली असतात आणि धड वर. चोर समजून मारल्या गेलेल्या निरपराध माणसांच्या स्मृतीशी हा विधी जोडलेला आहे. दृश्य कोणत्याही रक्तरंजित कादंबरीला लाजवील असे आहे, आणि तरी लोक ते मुलाबाळांसह पाहायला जातात. गाव सोबत असते, विधीची चौकट असते, अपराध कुणाचा हे सर्वांना माहीत असते आणि कुणी हसत नाही. एकट्याने, रात्री, अनपेक्षितपणे तेच दृश्य पुस्तकात भेटले तर प्रतिक्रिया वेगळी होईल.

अलीकडे अनेक इंग्रजी प्रकाशक आणि लेखक पुस्तकाच्या आरंभी आतील मजकुराविषयी सूचना छापू लागले आहेत: बालकांवरील अत्याचार, आत्महत्या, प्राण्यांवरील क्रौर्य वगैरे. अशा सूचनांच्या परिणामांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचनेमुळे वाचकाचा प्रत्यक्ष त्रास कमी होत नाही, वाचण्यापूर्वीची धास्ती मात्र थोडी वाढते आणि सूचना वाचून फारसे कुणी मागेही फिरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. काही भयकथाकारांची तक्रार आहे की सूचना कथेतील धक्का आधीच फोडते. वाचकांपैकी अनेकांना मात्र ती हवी असते, आणि त्यांचे कारण प्रयोगशाळेत मोजले जाणारे नाही: आपण आत शिरलो ते जाणूनबुजून, एवढे समाधान त्यांना पुरते. केचम यांच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीने वाचकाला नेमके हेच नाकारले होते. मुखपृष्ठावरील त्या सांगाड्याविषयी स्वतः लेखकही नाराज होता.